गावदेवीला विचारलेली कादंबरी

माझे दीर शिवराम भावोजी आमच्या घणसोलीच्या खाडीवरचा बांध राखायचे. बहुतेक जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती. बांधाआडचं एकच भाताचं खाचर त्यांना उरलं होतं. बांध फुटून खारं पाणी शिरलं, की अशा खाचरात वर्षानुवर्षं गवतसुद्धा उगवत नाही. म्हणून हा माणूस जेवतानाही खाडीकडे तोंड करून बसायचा.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांना आणखी एक नाद लागला. गावदेवीच्या देवळात वाचक मंडळ निघालं. वाशीचे जयप्रकाश मास्तर वाचायचे, आम्ही ऐकायचो. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, पण कानांना कुठे शाळा लागते!

आषाढात मास्तर म्हणाले, "यंदा एखादी जुनी, गाजलेली विज्ञान कादंबरी घेऊ." दोन आणल्या होत्या. एकीत माणसं चंद्रावर जातात, दुसरीत समुद्र वाढत वाढत गावं गिळतो.

"चंद्रावर आपलं कोन हाय?" भावोजी म्हणाले. "समुद्राची वाचा."

"असलं अभद्र कशाला, भावोजी?" मी म्हटलं.

"मंग देवीला इचारू."

लग्न असो की नवी होडी, आम्ही गावदेवीला कौल लावतो. मूर्तीला दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मास्तर गालात हसले. कळी पडली. डावी.

"कली पान्यानं वली व्हती, म्हनून सटकली," भावोजी म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कौल लावला. आता उजवी पडली. मास्तरांनी समुद्राचं पुस्तक उघडलं.

पुस्तक सुरू झालं, की आमच्या लेखी ती पोथीच. अर्ध्यावर उठायचं नाही. शेवटचं प्रकरण आलं भाद्रपदाच्या पुनवेला, भर दुपारी, उधाणाच्या वेळेला. एरवी भावोजी बांधावर असते. त्या दिवशी पुढेच मांडी घालून बसले होते.

"आज उधाण ना?" मी हळूच विचारलं.

"गप बस गो वयनी. पोथी मोडू नये."

पुस्तकातलं पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. तेवढ्यात देवळाच्या पायरीवर एक निवटी टुणकन चढली. खाडीच्या चिखलातला हा मासा गावात कशाला येईल? भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. एकदा खाडीकडे नजर टाकली, पण मांडी मोडली नाही. बाहेर बोंब उठली तेव्हा उठले. तोवर बांध गेला होता.

पाणी ओसरल्यावर खाचर मिठानं पांढरं पडलं. पुढच्या आषाढात मास्तरांनी भीतभीतच विचारलं, "शिवराम, यंदा कोणतं पुस्तक घ्यायचं?"

भावोजी खाडीकडे पाठ करून बसले होते.

"कंचंबी घ्या," ते म्हणाले. "पन कौल येकदाच लावा."