काशीमावशीचा चिकटा

काशीमावशी ड्रेसिंगच्या खोलीत आली की स्वतःच पाय उचलून स्टुलावर ठेवायची आणि म्हणायची, “घास गो बाय, लाजू नको.” मुलुंडच्या लहानशा दवाखान्यात मी नर्स आहे. मधुमेहाने न भरणाऱ्या जखमा रोज बघते. पण हौसेनं घासून घेणारी हीच एक.

जखमेवरचा बुळबुळीत थर जंतूंनीच धरलेला असतो, त्याच्याआड ते मजेत राहतात आणि औषध आत पोचत नाही, असं मी तिला समजावलं होतं. खरवडलं तरी तो परत धरतो, म्हणून दर खेपेला घासायचं आणि लगेच औषध लावायचं. मावशी भांडुपच्या कोळीवाड्यातली, जन्म मासळी विकण्यात गेलेला. “मासलीवरचा चिकटा म्हन ना,” एवढंच बोलली. मग आमचे डॉक्टरही चिकटाच म्हणायला लागले.

ती धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, गाणारी. मी घासताना ती गुणगुणायची. दुखलं की आवाज चढायचा, बाहेरचे पेशंट हसायचे. पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी एकदा बजावलं तेव्हा मात्र तिनं पाय स्टुलावरून खाली घेतला. मग माझा हात धरून म्हणाली, “मयूरीच्या हळदीला मना दोन पायांवर उभी कर. मंग काय ते करा.” मयूरी तिची नात, आईमागे हिनंच वाढवलेली.

आणि जखम खरंच सुधारली. लालबुंद, स्वच्छ, आक्रसत चाललेली. पट्टी सोडायची नाही, अशी तंबी देऊन मी तिला लग्नाला सोडलं. मावशी उभी राहून गायली म्हणे.

लग्नानंतर बरेच दिवस ती ड्रेसिंगला आलीच नाही. लग्नघराची गडबड असेल, असं मी धरून चालले. शेवटी तिच्या मुलानं आणली तेव्हा अंग तापलेलं होतं. पट्टी सोडली तर वाळलेल्या हळदीची खपली, आणि खाली पू. नवरीच्या अंगची हळद शुभ, म्हणून मयूरीनं पट्टी काढून आपली हळद आजीच्या जखमेवर लिंपली आणि वर पुन्हा पट्टी बांधली होती, मावशीनंच सांगितलं. घरात मासळीचा वास कायमचा, त्यात जखमेचा वास कुणालाच आला नाही. मी चिडले. का लावू दिलीस, म्हणून ओरडलेच.

“पोरीनं मायेनं लावली गो,” ती म्हणाली. “तिला कधी सांगू नको.”

मोठ्या हॉस्पिटलात पाय काढला, पण विष रक्तात भिनलं होतं. मावशी गेली. मला तिचा अजून राग येतो, आणि रडूही येतं.

महिन्याभरानं मयूरी उरलेल्या पट्ट्या परत द्यायला आली. चिकटा परत कशानं धरला, विचारत होती. साखर फार वाढली होती, असं मी सांगितलं. तिनं पट्ट्या त्या रिकाम्या स्टुलावर ठेवल्या.

“हळद लावल्यावर आजीला खूप बरं वाटलं होतं,” ती म्हणाली.

“हो गं,” मी म्हटलं, “मला सांगत होती.”