आईचं तेच ते वाक्य

मुंबईच्या विमानतळावर आई म्हणाली, "इकडची मुळीच काळजी करू नकोस. इथे सगळं मजेत आहे." अहो, मी अजून ट्रॉलीही ढकलली नव्हती! बाबा गेल्यापासून चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, आता ती एकटी राहणार, आणि सगळं मजेत? मला तेव्हाच संशय आला. स्वभावच तसा, काय करणार! माझ्या बॅगेच्या चेनला तिने सुतळीची गाठ मारली होती, वर मी कुलूप लावलं होतं. आम्ही मायलेक सारखेच.

सिंगापूरला तोआ पायोह भागातल्या एका ऑफिसात मी गेम टेस्टर झालो, म्हणजे व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. राहायला हौगांगला, एचडीबी म्हणजे सरकारी वसाहतीच्या फ्लॅटमधली एक खोली. इथेही कुणाचा भरवसा वाटेना. आमचा अमेरिकन साहेब ग्रेग प्रत्येक गोष्टीला 'ऑसम' म्हणायचा, म्हणजे त्याने नीट बघितलेलंच नसायचं. जपानी साहेब मोरी-सान डोळे मिटून नुसतं 'हं' करायचे. त्यांची तर मला जास्तच धास्ती.

आमच्या नव्या गेममध्ये नायक गाव सोडतो तेव्हा त्याची आई दारात म्हणते, "जा बाळा, मी बरी आहे." पाश्चात्त्य आणि जपानी, दोन्हीकडच्या खेळणाऱ्यांना बसवून आम्ही चाचणी घेतली. अमेरिका-युरोपवाल्यांनी वेस ओलांडली की मागे बघायचं नाव नाही. त्यांना मोठा नकाशा हवा, वाट्टेल तिकडे भटकायला हवं. जपानी मंडळी मात्र प्रत्येक लढाईनंतर परत घरी! तिथे ना तलवार मिळायची, ना औषध. आईचं तेच वाक्य ऐकायचे आणि निघायचे. मोरी-साननी यांना पढवून आणलंय, अशी माझी खात्रीच झाली.

"घर काढून टाकू, कोण जातंय परत?" ग्रेग म्हणाला.

मी मोरी-सानना सरळच विचारलं, "काही मिळत नाही, मग ही माणसं जातात कशाला?"

"वाक्य बदललंय का ते बघायला," ते म्हणाले. त्यांच्याकडच्या गेममध्ये म्हणे गावातली माणसं मध्येच काहीतरी वेगळं बोलतात, आणि ते परत जाणाऱ्यालाच ऐकू येतं.

मला चिंचवडची आई आठवली. दर रविवारी फोनवर आई तेच म्हणायची, "सगळं मजेत आहे." व्हिडिओ कॉल म्हटलं की हल्ली तिचं नेट नेमकं बंद. शेजारच्या काकूंचं मात्र चालू!

न कळवता तिकीट काढलं. चिंचवडला दार उघडायला आईला फार वेळ लागला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये.

"बाथरूममध्ये पाय घसरला, विशेष काही नाही रे." मग माझ्याकडे बघत राहिली. "बरं झालं आलास. एकटीला भीती वाटते."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. बूटही न काढता मी दारातच रडलो.

पुढे गेमच्या जपानी आवृत्तीत नायकाचं ते घर राहिलं. बाकीच्यांसाठी नायक निघाला की दार कायमचं बंद. तुमच्यापैकी जे लांब गेलेत त्यांना सांगतो, घर म्हणजे फोनवर विश्वास न ठेवता जाऊन बघायची जागा.

परत निघताना आईने विचारलं, "तुझं कसं चाललंय तिकडे? खरं सांग."

सिंगापूरला काम करायच्या माझ्या पासचं नूतनीकरण अडकलं होतं आणि झोप उडाली होती. "तिकडची मुळीच काळजी करू नकोस," मी म्हणालो. "सगळं मजेत आहे."

आईने मला नीट निरखून पाहिलं.

"हात बरा होऊ दे," ती म्हणाली, "पासपोर्टच काढते."