ओएस अडतीस

ओएस म्हणजे सीमलेस पाइप, असं मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, तेव्हा मला कसलीही शंका आली नव्हती. इतक्या वर्षांनी मला तेच जास्त टोचतं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसला होते. मेक्सिकोतला एक बंद पडलेला कारखाना आमच्या मालकांसह तिघा मालकांनी मिळून विकत घेतला होता. त्याच्या शेड सुट्या करून जहाजानं आणल्या, वाटून घेतल्या, आणि सोबत आली स्पॅनिश नकाशांची भेंडोळी. पुण्यात दोन वर्षं शिकलेली स्पॅनिश एवढ्या भांडवलावर मी ऑफिसातली एकमेव जाणकार ठरले. नकाशातल्या लोखंडाच्या आकारांची सांकेतिक अक्षरं इंग्रजीत आणून द्यायची, हे माझं काम. अशी अक्षरं शब्दकोशात सापडत नाहीत, आणि त्यांचा खुलासा करणारं पान भेंडोळ्यात नव्हतं.

सुरुवात मात्र झोकात झाली. एलडी म्हणजे डबल अँगल, असं आमचे इंजिनिअर साहेब ठामपणे म्हणत होते. मी मापं पाहिली आणि सांगितलं, डबल नाही, ज्याच्या दोन बाजू असमान आहेत तो अँगल. एलआय म्हणजे समान बाजूंचा. माझं बरोबर निघालं. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला ऑफिसात वजन आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझी मानही जरा ताठ झाली.

मग ओसी आलं, गोल पाइप. ओआर आलं, चौकोनी पाइप. पुढं ओएस. ओ म्हणजे पाइप हे ठरूनच गेलं होतं, आणि एस म्हणजे आपल्या बाजारातला सीमलेस, बिनजोडाचा, दुसरं काय असणार? फक्त एक गोष्ट खटकायला हवी होती. ओसीपुढं नेहमी दोन आकडे असायचे, व्यास आणि पत्र्याची जाडी. ओएसपुढं एकच होता, अडतीस. मी समासात पेन्सिलीनं 'जाडी?' असं लिहिलं. खरेदीवाल्यांनी शेजारी बाजारातली नेहमीची जाडी भरली आणि माझी पेन्सिल खोडून टाकली. मीही ती पुन्हा लिहिली नाही.

माझे वडील पोलीस ॲक्शननंतर तहसिलीत निजामाच्या वेळच्या उर्दू नोंदी मराठीत उतरवायचे. अक्षर लागलं नाही तर ते समासात लिहायचे, 'वाचता आले नाही'. वरिष्ठ चिडायचे, पण त्यांनी कधी अंदाजानं कुणाची जमीन कुणाच्या नावावर लावली नाही. त्या दिवशी मला वडील आठवले नाहीत, असं नाही. आठवले, पण त्यांचे ते तीन शब्द लिहायला मला कमीपणा वाटला.

ओएस अडतीसच्या जुन्या दांड्या तिकडंच राहिल्या होत्या, म्हणून इथं नव्या बनवल्या. शेडच्या छतापासून एक लोखंडी माळा टांगायचा होता, आठ दांड्यांवर. काम करणारे चाचा खुलताबादहून रोज एसटीनं यायचे. त्यांनी पाइपचा तुकडा पान्यानं वाजवला आणि मला विचारलं, "बाई, नक्शे में पाइपीच लिखे क्या? ये तो बजता है. लटकाने की चीज ऐसी बजना नको."

"चाचा, कागदावर आहे तेच बनवा," मी म्हणाले. "अर्थ लावायचं काम माझं आहे."

"जी," म्हणून ते गेले. त्या 'जी'चा आवाज मला अजून आठवतो.

दोन महिन्यांनी दुसरं भेंडोळं आलं आणि त्यात खुलाशाचं पान निघालं. ओएसपुढं शब्द होता 'सोलिदो'. त्याला शब्दकोश लागत नाही. ओएस म्हणजे भरीव गोल सळई, म्हणून तिला एकच आकडा, व्यासाचा. आम्ही माळा टांगला होता तो पोकळ पाइपवर, आणि त्याच्यावर यंत्रांच्या जड मोटारीही चढवल्या होत्या. जेवणाची सुट्टी होती. मी शेडकडं धावले. माळ्याच्या सावलीत सगळे डबे उघडून बसले होते. चाचा बरोबर मधोमध होते.

मी लांबूनच बाहेर या अशी खूण केली. हात हलवतच राहिले. चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि एकेकाला उठवलं.

खालून टेकू दिले, दांड्या उतरवल्या. एका जोडापाशी बारीक तडा गेला होता. चाचांनी तो मला बोट ठेवून दाखवला आणि म्हणाले, "आवाजीच गलत था, बाई. मैं जरा जोर से बोलना था." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी यादी दुरुस्त केली. आमच्या ऑफिसातली. जुन्या यादीच्या प्रती बाकीच्या दोन मालकांकडं आधीच गेल्या होत्या. त्यांना मी पत्रं लिहिली आणि उत्तरं न येताच समाधान मानून घेतलं.

बऱ्याच वर्षांनी घराच्या ग्रिलसाठी हर्सूलकडच्या एका वर्कशॉपला गेले. भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. अक्षर माझं. ओएस, सीमलेस पाइप.

मी तो काढायला हात घातला तसा मालक म्हणाला, "ताई, त्येला हात नका लावू. लई कामाची लिस्ट हाय. जिनं केली ती बाई लई हुशार व्हती म्हणत्यात."

"ओएसचं काम कधी केलंत?"

"व्हय, त्या मेक्सिकोच्या मालाची एक अख्खी शेड. उरलेल्या दांड्यांवर मंग आपलंच हापिस टांगलं."

त्यानं वर बोट दाखवलं. वर टाइपरायटर चालू होता, कुणीतरी हसत होतं. एका दांडीचं टोक त्या टांगलेल्या ऑफिसच्या तळातून खाली, माझ्या हाताशी आलं होतं. मी पर्समधून घराची किल्ली काढून तिच्यावर मारली. दांडी वाजली.

"वरच्या लोकांना आधी खाली बोलवा," मी म्हणाले. ते सगळे उतरल्यावर मग त्याला सांगितलं, कागदावरचं अक्षर कुणाचं आहे ते.