जावयाची लेन्स अन् भितीवरचा फोटो

जावयानं नवी लेन्स आनली तवा मले वाटलं कॅमेराच नवा आनला. तो म्हने, "नाई आई, कॅमेरा जुनाच हाय. हा फक्त त्याचा डोळा. प्राईम लेन्स म्हन्तात हिले." डबीतून अशी काढली, जसं चार दिवसाचं लेकरू पाळन्यातून उचलून रायला. मऊ फडक्यानं पुसली, फुंकर मारली, परत पुसली. लग्नाले बारा वर्सं झाले, पन माह्या लेकीचा चष्मा त्यानं कदी असा पुसला नाई.

लेक-जावई दोन दिवसाच्या सुट्टीत अकोल्यावरून माह्याकडं आले होते. मी नांदगाव खंडेश्वरच्या अल्याड एका खेड्यात रायतो, एकटीच. मी इचारलं, "बापू, इच्यानं दूरचं जवळ दिसते का?"

"नाई आई. ही झूम होत नाई. जवळचा फोटो पायजे तं आपल्यालेच जवळ जा लागते. दूरचा पायजे तं आपनच मागं सरकाचं."

"अन् पहिली होती तिच्यानं व्हाचं?"

"तिच्यानं व्हाचं."

"म्हन्जे जास्त पैशे देऊन कमी काम करनारी आनली."

लेक उठून चुपचाप सैपाकघरात गेली, तिथं हासली. जावयासमोर हासता येत नाई ना. आमच्यात जावयाले सासूनं उलटून बोलाचं नसते. त्याले खुर्ची द्याची, त्याच्या ताटात पहिले वाढाचं, तो म्हनन त्याले हो म्हनाचं. मी तेवढं बोलली तेच लय झालं.

मंग त्यानं माह्या बकरीचा फोटो काढून दाखवला. बकरीचा एकेक केस मोजून घ्या, अन् मागचं कुड, कडब्याची गंजी, बाजूवालीचा संडास, सारं धुकट.

"मागचं तं काईच दिसत नाई, बापू."

"हीच तं इची गंमत हाय, आई. मागचं पुसून टाकते, समोरचं उठून दिसते."

"हे तं माह्या मोतीबिंदूनं दोन वर्सं फुकटात करून देल्लं."

पन खोटं कायले सांगू, फोटो मले आवडला. माह्या बकरीचे डोळे असे मधासारखे पिवळे हायेत, हे चार वर्सांत मलेच माईत नोतं. तवाच मनात आलं, आपला एक फोटो काढून घ्याव. चांगला. मी गेल्यावर भितीवर लावाले.

याले कारन हाय. माह्या मालकाचा एकच फोटो होता, निवडनुकीच्या कार्डावरचा. तो गेल्यावर तोच मोठा करून आनला. तो मानूस दिवसभर हासे, अन् भितीवर असा दिसते का पोलिसानं आत्ताच बकोट धरून आनला. माह्या पहिल्या पोराचा तं तोही नाई. दोन वर्साचा होता, तापात गेला. तिसऱ्या दिवशी मी रोडच्या कामावर खडी फोडाले गेली, घरी बसली असती तं मजुरी कोन देनार होतं? आता त्याचं तोंड आठवाले बसली का बाजूवालीच्या नातवाचं तोंड समोर येते. त्याचंच येत नाई. म्हनून मले फोटो पायजे होता. मी कशी होती, हे मांगच्याइले नीट दिसाव, बस.

मी लेकीले सांगतलं, लेकीनं त्याले. तो लय खुश झाला. "आई, मी सोताच इचारनार होतो!"

सकाळी मी आंघोळ केली, डोक्याले तेल लावलं. पौर्णिमेले विहारात नेसतो ते पांढरं लुगडं काढलं, निळ्या काठाचं. चष्मा लावला. खुर्ची आंगनात टाकली, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, अन् श्वास धरून बसली. निवडनुकीच्या कार्डाच्या वक्ती फोटोवाल्यानं असंच बसवलं होतं, हाललं का फोटो बिघडे.

जावई बाहेर आला अन् त्याचं तोंडच उतरलं.

"आई, हे काय? रोजच्यासारखं पायजे. साधं. जुनं लुगडं नाई का एखांदं? थोडं फाटकं असलं तं लय चांगलं."

घरात फाटकं लुगडं एकच होतं, त्याच्यानं मी ओटा पुसतो. लेकीनं ते धुतलं, तारेवर वाळवलं. ओटा पुसाचं फडकं सासूले नेसवाले जावई तासभर उन्हात उभा होता. मंग त्यानं चष्मा काढाले लावला. मंग म्हने, चुलीसमोर बसा. मी म्हनलं, बापू, चूल कवाच मोडली, गॅस हाय. तं त्यानं सोताच्या हातानं तीन इटा मांडल्या अन् वल्ली तुराटी पेटवली. धूर असा झाला का बकरी दोर तोडाले पाहे.

"फुका आई, फुका. हां. आता इकडं पाहा. हसू नोका! आई, हसू नोका म्हनलं ना."

मले हासू येनार नाई तं काय? तो लेन्स घेऊन माह्यापुढं उकिडवा सरकून रायला, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, बेडकावानी. झूम नोती ना. पन धूर डोळ्यात गेला, पानी गळाले लागलं, अन् तो वरडला, "बस! असंच!"

मी इचारलं, "आता पांढऱ्या लुगड्यावरचा काढता?"

"काढू ना आई, दुपारी." दुपारी तो झोपला. संध्याकाळी म्हने उजेड गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले.

महिन्यानं मी डोळा दाखवाले अकोल्याले गेली, जठारपेठेत लेकीकडं. लेक म्हने, "माय, स्पर्धेत याइच्या फोटोले दुसरं बक्षीस भेटलं. हॉलमंधी लावला हाय, चाल." मी पांढरंच लुगडं नेसली.

हॉलमंधी थंड हवा, पिवळे दिवे, अन् भितीवर दरवाज्याएवढी मी. काळी-पांढरी. एकेक सुरकुती अशी का शेतातल्या भेगा बऱ्या. खाली काईतरी लिवलं होतं. मी दुसरी शिकली, अक्षर जोडून जोडून वाचलं. वे-द-ना.

दोन बाया समोर उभ्या होत्या. एक म्हने, "बिचारी. किती सोसलं असेल हिनं. दोन वेळचं जेवायला तरी मिळत असेल का?"

मी म्हनलं, "भेटते. आज मेथीची भाजी अन् दोन भाकरी खाऊन आली."

"तुम्ही ओळखता का आजी हिला?"

"मीच हावो."

तिनं माह्याकडं पायलं, फोटोकडं पायलं, परत माह्याकडं पायलं. "नाही हो," म्हने, "त्या खूप गरीब दिसतात." अन् दुसऱ्या फोटोकडं गेल्या. मी खरोखर रडली तवा लेन्सवाला कोनी आला नाई. धुरानं पानी आलं तं अकोल्यातल्या बाया हळहळल्या.

मंग जावयाले माईकवर बोलावलं. त्यानं केसावरून हात फिरवला अन् पुस्तकातल्यावानी बोलाले लागला. "ग्रामीण भागात भटकंती करताना मला ही आजी भेटली. तिच्या डोळ्यांत मला शतकांची वेदना दिसली..."

लेकीनं माहा हात दाबला. तिले कळलं होतं मी काय करनार. पन मी उठली.

"भेटली म्हन्ता, बापू? मी तुमाले लेक देल्ली!"

सारे मांगं वळून पाहाले लागले. बारा वर्सांत मी जावयाले चारचौघात उलटून बोलली नोती. आता निंघालंच तं पुरं निंघालं. "थे लुगडं माहं नोतं, ओटा पुसाचं होतं. चूल तुमी मांडली. पानी धुराचं होतं. वेदना पाहाची असन तं माहा फोटो पाहू नोका, मले इचारा. बसून सांगतो. पन थे सांगाले तुमाले लेन्स बंद करा लागन."

कोनी हासलं, कोनी टाळ्या वाजवल्या, काहून वाजवल्या त्याइलेच माईत. त्या दोन बायाइनं मोबाईल काढून माहा फोटो काढला, दुरूनच. जावई माईकसमोर तसाच उभा. त्याचे कान असे लाल झाले होते का काळ्या-पांढऱ्या फोटोत ते आले नसते.

घरी येईपर्यंत तो आमच्या दहा पावलं पुढंच चालला. मले वाटलं, आता लेकीच्या मांगं कटकट. रातभर माह्या मनात तेच होतं, आपन लेकीचं घर तं नाई बिघडवलं. सकाळी मी पिशवी भरत होती, गाडी दहाची होती. तं तो लेन्स घेऊन समोर उभा.

"आई, गच्चीवर चाला. पांढऱ्या लुगड्यावरचा रायला हाय."

"गाडी जाईन."

"दुसरी भेटन."

गच्चीवर कवळं ऊन होतं. खुर्ची टाकली. चष्मा लावला. मी परत हात गुडघ्यावर ठेवून श्वास धरला. या खेपी तो काई म्हनला नाई. बस जवळ आला, अजून जवळ आला, इतका का त्याच्या सदऱ्याचा साबनाचा वास आला. बारा वर्सांत हा मानूस माह्या इतका जवळ आला नोता. जावई दोन हात दुरूनच पाया पडत असते. त्याचे हात थोडेसे हालून रायले होते.

"बापू," मी म्हनलं, "हाललं का फोटो बिघडते."

तो हासला. मंग मी बी हासली, अन् त्यानं तोच काढला.

लेन्सचा काई गुन्हा नोता, ते मान्य करा लागते. फोटोत मांगची पान्याची टाकी धुकट, तारेवरचे कपडे धुकट, अन् मी साफ. पुढचा एक दात नाई, तेही साफ. पन डोळे माहेच हायेत.

चौकट करून त्यानं सोताच आनून देल्ला, खिळाही सोताच ठोकला. आता येनारी हरेक बाई दरवाज्यात थबकते. परवा बाजूवाली म्हने, "काहून वो, जित्तेपनी कोनी भितीवर लावते का? अपशकुन असते."

"मेल्यावर मले थो दिसनार हाय का?" मी म्हनलं. "बाजूले सर, उजेड अडून रायला."