आठवा टाका

सायकल दुरुस्तीच्या दुकानाला खेटून रस्त्याच्या कडेला चामड्याच्या कामाची एक टपरी आहे. बूट, बॅगा, पट्टे, तुटलेले बंद, उसवलेल्या पर्सा, काहीही घेऊन या. टपरीवर बसणाऱ्या बाईला सगळा रस्ता भोंगाबाई म्हणतो. तिला ते माहीत आहे आणि तिला त्याचा राग नाही. तिला राग येत नाही अशी तेवढी एकच गोष्ट असावी. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाचन नोटिसांवर झालं. टपरी हलवा, टपरी कापा, टपरी बंद करा. नोटिसा वाचता वाचता कायदा कळला, कायदा कळल्यावर आवाज चढला, आणि एकदा पालिकेच्या गाडीसमोर ती अशी काही ओरडली की समोरच्या कारखान्यातली माणसं जेवणाची सुट्टी झाली समजून डबे घेऊन बाहेर आली. तेव्हापासून भोंगाबाई. त्या रस्त्यावरच्या बावीस टपऱ्या आजही जागच्या जागी आहेत त्या या आवाजावर.

अशा बाईला एकदा भरल्या दिवाणखान्यात तोंड मिटून बसावं लागलं, त्याची ही गोष्ट.

गोष्टीचं मूळ तिच्या आईत आहे. आई शहात्तर वर्षांची. नजर जवळजवळ गेलेली, बोटं मात्र शाबूत. तरुणपणी ती खेळाच्या सामानाच्या कारखान्यात फुटबॉल शिवायची. एक्कावन्न वर्षांपूर्वी शहराचा क्लब पहिल्यांदाच फायनलला पोचला, तेव्हा कारखान्याने तिला दुरुस्तीची पेटी देऊन मैदानावर पाठवलं होतं. मध्यंतराला चेंडूची शिवण उसवलेली दिसली. नवा चेंडू आणला, तो वजनाला हलका भरला, पंचांनी परत पाठवला. मग कुणीतरी धावत तिकिटाच्या खिडकीमागे आलं आणि उसवलेला चेंडू आईच्या मांडीवर टाकला. पेटीतला पांढरा दोरा संपलेला. आईने बुटाच्या तपकिरी दोऱ्याने शिवण बंद केली. त्याच चेंडूवर दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला आणि क्लब जिंकला.

क्लबच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकात मात्र एवढंच छापलंय: ‘मध्यंतरानंतर नवा चेंडू घेण्यात आला.’

त्या एका ओळीने आईला आयुष्यभर खोटं पाडलं. शेजारचा सायकलवाला तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि प्रेक्षकांत बसला होता. गेली पन्नास वर्षं तो रोज दुकान उघडताना विचारायचा, “काय वहिनी, आज कुठली फायनल शिवायला घेतली?” आई आधी भांडायची. मग हसण्यावारी न्यायला लागली. गेल्या काही वर्षांत ती गोष्टच सांगेनाशी झाली होती, आणि भोंगाबाईला खुपत होतं ते हे गप्प होणं.

एक गोष्ट मात्र आईने फक्त लेकीला सांगितली होती. भोंगाबाई दहा वर्षांची असताना आरीने चामड्याला ओळीने भोकं पाडत बसली होती. आईने तिच्या हातावर फाडकन चापट मारली. “एक भोक, एक टाका! आधी भोकं पाडून ठेवणारी बाई कामाची नाही.” पोरीचे डोळे भरले तशी आई स्वतःच ओशाळली आणि हळू आवाजात म्हणाली, “मी पण एकदा केलंय. फायनलला. घाईत आठ भोकं एकदम पाडली, सात टाके झाले आणि शिट्टी वाजली. गाठ मारून दिला चेंडू. आठवं भोक तसंच राहिलं. कुणाला सांगू नकोस गं, लाज वाटते.”

भोंगाबाईने कुणाला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एक ड्रायव्हर आपल्या साहेबाची बॅग शिवायला टाकून गेला. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग होता: जुन्या खेळसामानाचा लिलाव. त्या वेळच्या कॅप्टनच्या घरच्यांनी त्याच्या कपाटातलं सगळं विकायला काढलेलं. लॉट एकोणचाळीस: फायनलचा ऐतिहासिक चेंडू, मूळ शिवण अखंड, प्रमाणपत्रासह, अंदाजे किंमत दहा लाख. आणि त्याच्याच आधी, कोपऱ्यात अंगठ्याएवढा फोटो. लॉट अडतीस: सरावाचा चेंडू, वापरलेला, तपकिरी दोऱ्याची हलकी दुरुस्ती, एक छिद्र.

भोंगाबाईने फोटो डोळ्यांपाशी नेला. मग भिंग काढलं. मग टपरी बंद केली. दुपारी बारा वाजता टपरी बंद झालेली त्या रस्त्याने कधी पाहिली नव्हती.

लिलावाआधी माल पाहायची मुभा असते हे कॅटलॉगच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. बारीक अक्षरं आधी वाचायची ही नोटिसांनी लावलेली सवय. दुसऱ्या दिवशी ती लिलाव करणाऱ्या कंपनीच्या काचेच्या दारापाशी पोचली तेव्हा रखवालदाराने बोट दाखवलं. “कुरिअर मागच्या दाराने.”

“द्यायला नाही आले,” ती म्हणाली. “घ्यायला आलेय.”

आत कंपनीचा तज्ज्ञ होता. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला, हातांत पांढरे हातमोजे. त्याने मोठ्या कौतुकाने दहा लाखांचा चेंडू फिरवून दाखवला. भोंगाबाईने एकदाच पाहिलं.

“हा तो नव्हे. यावर मैदानाची माती लागलेली नाही. चामडं कुठे दबलेलंही नाही.”

“मॅडम, आमच्याकडे प्रमाणपत्र आहे.”

“प्रमाणपत्र कुणी दिलं? चेंडूने?”

तज्ज्ञ हसला. समजूतदार, वरून खाली उतरणारं हसू. “आपण काय करता?”

“बूट शिवते.”

“छान,” तो म्हणाला आणि घड्याळाकडे पाहिलं.

तिचं पित्त खवळलं. पण तेवढ्यात शेजारच्या ट्रेमधला दुसरा चेंडू तिला दिसला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. हातमोजे घालून तिने तो उचलला. तपकिरी टाके. एक, दोन, तीन… सात. सातव्यापाशी आईची गाठ, दोनदा फिरवून आत दाबलेली. गाठीच्या पुढे, शिवणीच्या त्याच रेषेत, आरीचं एक रिकामं भोक.

तिने चेंडू जपून खाली ठेवला. खऱ्याचं खरं सांगून झालं होतं, ते त्याने ऐकलं नव्हतं. आता खरा चेंडू कुठला, हे सांगायची तिच्यावर सक्ती नव्हती.

नव्या शिलाई मशीनसाठी तिने चाळीस हजार बाजूला टाकले होते. कंपनीचं कमिशन धरून बोली बत्तीसच्या वर जाता कामा नये, हा हिशेब तिने परतीच्या वाटेवरच करून टाकला. घरी काही बोलली नाही. चेंडू हातात आल्याशिवाय आईला आशा लावायची नव्हती.

लिलावाच्या दिवशी कंपनीच्या दिवाणखान्यात झुंबराखाली मऊ खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीला लागून पाच-सहा मुली फोन कानाला लावून उभ्या. परगावचे लोक त्यांच्या कानातून बोली लावत होते. ओरडायचं काम नव्हतं. नंबराची पाटी उचलायची, बस. भोंगाबाईला चौसष्ट नंबर मिळाला. आयुष्यभर आवाजावर लढलेल्या बाईच्या हातात एक मुकी पाटी.

जुने बॅज गेले, बूट गेले, एक फाटका मोजा पंधरा हजारांना गेला. बूट शिवून हयात घालवलेल्या बाईने तो मोजा जाताना पाहिला आणि मनातल्या मनात अख्ख्या सभागृहाला एक शिवी हासडली.

“लॉट अडतीस. सरावाचा चेंडू. पाच हजारांपासून.”

तिने पाटी उचलली. एका फोनवालीने आठ म्हटलं. पुढच्या रांगेत सोन्याच्या टोपणाचं पेन फिरवत बसलेल्या संग्राहकाने बारा म्हटलं. अठरापाशी फोन गळाला. पेनवाला मात्र हटेना. वीस, चोवीस, अठ्ठावीस. त्याला या चेंडूची ओढ नव्हती, पुढचा दहा लाखांचा घ्यायचा होता आणि शेजारी शोभेला हाही हवा होता, एवढंच. तेवढ्यासाठी तिचं मशीन आणि तिच्या आईचा शब्द तो पेनच्या टोकावर खेळवत होता.

“बत्तीस,” लिलाव पुकारणारा म्हणाला. “चौसष्ट नंबरच्या बाई, बत्तीस हजार.”

संपलं. यापुढे तिच्याकडे काही नव्हतं. पेनवाल्याने पेन अर्धं वर केलं, मग थांबला.

“एक मिनिट. ते छिद्र कसलं आहे?”

तज्ज्ञ उठला आणि गळ्यातला चष्मा नाकावर चढवला. “नुकसान आहे, सर. कुणा अडाणी हाताने दुरुस्ती करायला घेतली आणि अर्धवट सोडली. प्रामाणिकपणे सांगायचं तर काम अगदीच गावठी आहे.”

भोंगाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कानशिलं तापली. अडाणी. गावठी. पालिकेचा साहेब असता तर एव्हाना टेबलाखाली असता. तिने खुर्चीची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली, आणि ओठ आत घेऊन दातांखाली दाबले. एक शब्द, फक्त एक शब्द बोलली असती तर पेनवाल्याचे कान टवकारले असते. तिने झुंबराचे दिवे मोजले. तेवीस.

पेनवाल्याने पेन खिशाला लावलं. “राहू दे.”

“बत्तीस एक वार. बत्तीस दोन वार.” हातोडी वाजली. “चौसष्ट.”

मग भोंगाबाई उठली.

“आता ऐका!” फोनवाल्या मुलींनी फोन कानापासून लांब केले. “तो अडाणी हात माझ्या आईचा. आणि तुम्ही पुढे दहा लाखांना जो चेंडू विकायला काढलाय, तो पंचांनी हलका म्हणून नाकारलेला चेंडू. फायनल खेळली गेली ती ह्यावर, जो आत्ता मी घेतला. परवा सांगत होते तेव्हा घड्याळ बघत होतात ना? आता वजन बघा. काटा आणा, इथे, सगळ्यांच्या समोर!”

“बाई, खाली बसा,” लिलाव पुकारणारा म्हणाला.

“पन्नास वर्षं बसलो आम्ही!”

बाकी कुणी काही बोललं असतं तर गोष्ट तिथेच दबली असती. पण दहा लाख ज्याच्या खिशातून जाणार होते तो पेनवाला शांतपणे म्हणाला, “काटा आणा.” त्याच्यापुढे कंपनीचं काय चालणार? मागच्या खोलीतून पार्सल तोलायचा काटा आला. ऐतिहासिक चेंडू नियमाच्या वजनापेक्षा साठ ग्रॅमने कमी भरला. तज्ज्ञाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. काट्यावरचा आकडा तोच. लॉट एकोणचाळीस चौकशीसाठी मागे घेण्यात आला.

दारापाशी पेनवाल्याने तिला गाठलं. “दोन लाख देतो. आत्ता.”

“मगाशी राहू दे म्हणालात ना,” ती म्हणाली. “राहू दे.”

त्याच्या मागोमाग तज्ज्ञ आला, या वेळी हसू नव्हतं. “मॅडम, सोमवारी आम्ही कॅमेरा घेऊन येतो. तुमच्या आईंचं म्हणणं नोंदवून घेऊ. तोवर एक विनंती, त्या टाक्यांना आणि छिद्राला हात लावू नका. तोच एक पुरावा आहे.”

“घटकाभरापूर्वी नुकसान होतं ते,” ती म्हणाली आणि चेंडू पदराखाली धरून निघाली.

टपरीवर आई चामड्याच्या कातरणी निवडत होती. भोंगाबाईने चेंडू तिच्या मांडीवर ठेवला. आईची बोटं शिवणीवरून चालायला लागली. तिसऱ्या टाक्यावर अडखळली. सातव्यावर थांबली. मग अंगठ्याचं नख पुढे सरकलं आणि भोकात रुतलं.

“अगं बाई,” आई म्हणाली. “हे कुठून आणलंस?”

“लिलावातून.”

“आणि मशीन?”

“मशीन येईल गं.”

सायकलवाला स्टुलावरून उठून आला होता, हातात ग्रीस. “काय वहिनी, कुठली फायनल…” एवढ्यात भोंगाबाईने त्याला आजचं सगळं सांगितलं, हातोडीपासून काट्यापर्यंत. कमी आवाजात. त्याला तेच जास्त लागलं. त्याने हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि बोटाने चाचपून भोक पाहिलं.

“हे कशाचं?”

“माझ्या चुकीचं,” आई म्हणाली. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने. “आठ पाडली, सात भरली. शिट्टी झाली.”

सायकलवाल्याने फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, “शिट्टी मी ऐकली होती, वहिनी. तुम्ही दिसला नव्हता, एवढंच.” आणि आपल्या दुकानातला चहा तिच्यापुढे आणून ठेवला.

आईने चहाकडे लक्ष दिलं नाही. “आरी दे इकडे. आणि सुई ओव.”

“आई! हात लावायचा नाही! सोमवारी लोक येणारेत कॅमेरा घेऊन. ते भोक हाच पुरावा आहे.”

“भोक कसला पुरावा? भोक कुणीही पाडेल.” आईने चेंडू असा धरला, जसा त्या दिवशी तिकिटाच्या खिडकीमागे धरला असेल. “येऊ देत ना. मी त्यांच्यासमोर घालते आठवा. मग सातांच्या शेजारी आठवा ठेवून बघा म्हणावं, एकाच हाताचा आहे की नाही. काय म्हणाला तो, अडाणी ना?”

भोंगाबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसात दुसऱ्यांदा.

“बघत काय बसलीस? तपकिरी दोरा काढ. तो नको, बारीक आहे. जाड. आणि मेण आण, जुनं, पिवळं. सोमवारपर्यंत दोरा मुरला पाहिजे.”

सायकलवाला म्हणाला, “मेण माझ्याकडे आहे,” आणि धावला.