माझा सभात्याग

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी अडवणार नाही. मला मात्र हा किस्सा सांगताना अजून राग येतो. अशी फजिती करून घेतलीय मी, की आमच्या वॉर्ड ऑफिसातला शिपाई आता मला बघितलं की आधी दार उघडं करून ठेवतो!

तर आधी राग कशाचा ते ऐका.

आमच्या वॉर्डात अपंग मुलांसाठी थेरपी सेंटर मंजूर झालं. आनंदाचीच गोष्ट ना? मलाही झाला आनंद. मग मी नकाशा बघितला. सेंटर कुठे, तर कम्युनिटी हॉलच्या पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, रॅम्प नाही. मग तळमजल्यावरची ती ऐसपैस खोली कशासाठी? लग्नाच्या खुर्च्या ठेवायला! म्हणजे खुर्च्या खाली आणि ज्यांना चालता येत नाही ती मुलं वर. सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही?

मी एका छोट्या संस्थेत काम करते. सोशल वर्कची डिग्री ताजी आहे, त्यामुळे रागही ताजा आहे. तडक वॉर्डाच्या इंजिनियर साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, हा नकाशा काढताना एका तरी आईला विचारलंत? साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "पेरेंट्स को क्या पूछना मॅडम, डिझाइन तो ऊपर से आता."

ऊपर से! वर कोण बसलंय? वरच्याला कधी चौदा वर्षांचा मुलगा पाठीवर घेऊन जिना चढावा लागलाय?

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या सविताकाकू हेच करतात. मूळच्या परभणीकडच्या, लग्न होऊन आल्या आणि हैदराबादच्याच झाल्या. त्यांचा ओंकार चौदाचा. पाय चालत नाहीत, डोकं दुप्पट चालतं. आठवड्यातून दोनदा काकू त्याला पाठीवर घेऊन ऑटोपर्यंत नेतात, शहरातल्या कोठी भागात थेरपी करून आणतात. पोरगा वाढतोय, काकूंची पाठ काही वाढत नाही. मागचे दोन महिने त्यांनी निम्म्या खेपा चुकवल्या आणि ओंकारचे गुडघे आखडायला लागले. आता घराजवळ सेंटर होतंय, तेही जिना चढून! त्यांच्यासाठी ते झालं काय नि न झालं काय, सारखंच.

म्हणून मी महिनाभर साहेबांना सळो की पळो करून सोडलं. अर्ज, फोन, पुन्हा अर्ज. शेवटी त्यांनी हात जोडले आणि मंगळवारी सकाळी अकराची मीटिंग दिली. त्याच हॉलमध्ये. त्याच पहिल्या मजल्यावर.

मी तयारीला लागले. 'पालकांच्या मागण्या' असं सहा पानी निवेदन लिहिलं. कुणी लिहिलं? मी. 'पालकांचा आवाज' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कुणी? मीच. आणि मीटिंगला येणाऱ्या सहाही पालकांना बजावून सांगितलं की साहेबाला घाबरू नका, तुम्हाला तोंड उघडायचीसुद्धा गरज पडणार नाही, मी आहे ना. फोन तेवढे सायलेंटवर ठेवा.

तुमच्या लक्षात आलंच असेल मी कुठे निघाले होते ते. माझ्या नाही आलं.

मंगळवारी काकू ओंकारला घेऊन बावीस पायऱ्या चढल्या. वर पोचल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता येईना. ते बघून माझा पारा जो चढला तो चढलाच. मीटिंग सुरू झाली. साहेबांनी पालकांपैकी फरहाना आपांना विचारलं, तुमच्या मुलीला कुठली वेळ सोयीची? आपांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणाले, ते पान तीनवर आहे. साहेबांनी काकूंना विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हणाले, पान चार, परिच्छेद दोन. काकूंनी टेबलाखालून माझी ओढणी ओढली. मला वाटलं, शाबासकी देतायत. मी आवाज चढवला. त्यांनी आणखी जोरात ओढली. मी आणखी चढवला.

वीस मिनिटांनी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, थोडा रुको," ते म्हणाले. "अम्मा को भी बोलने देव."

झालं! हा माणूस मला गप्प बसवतोय? ज्याला महिन्याभरापूर्वी पालकांना विचारणं म्हणजे वेळ घालवणं वाटत होतं, तो? मी ताडकन उठले. पालकांचा आवाज दाबला जातोय, आम्ही सगळे सभात्याग करतोय, असं खणखणीत सांगितलं आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. सभात्याग करताना कुणी वळून बघतं का? चपला वाजवत बावीस पायऱ्या उतरले, अंगणात येऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि वळले.

जिना रिकामा.

असेल, म्हटलं. ओंकारला घ्यायचं, पिशव्या उचलायच्या, वेळ लागतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी ग्रुपवर लिहिलं, 'मी खाली आहे, सगळे या.' उत्तर नाही. 'घाबरू नका, ते तुम्हाला काही करू शकत नाहीत.' उत्तर नाही. 'ठीक आहात ना? एकाने तरी कळवा.' सहाजणांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत आणि एकाचाही शब्द नाही! काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. वर बघते तर शिपायाने हॉलचं दार लावून घेतलेलं.

आता माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असता? मी समजले, माणसं आत कोंडली आणि फोन काढून घेतले.

तेवढ्यात चहावाला थाळीत आठ कप घेऊन वर गेला. चहा पाजून सह्या घेतायत! माझ्या अंगाची लाही लाही झाली. धावत चौकात गेले. तिथे ट्रॅफिकचा पोलीस होता, त्याला म्हटलं, चला, वर सहा पालक आणि एक अपंग मुलगा कोंडून ठेवलाय. तो बिचारा म्हणाला, माझं काम सिग्नलचं आहे. मी विचारलं, आणि माणुसकीचं काम कुणाचं? आला तो. मी बोलायला लागले की लोक येतातच, ऐकून नव्हे, मी थांबावं म्हणून.

आम्ही अंगणात शिरतोय तोच वरचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. पाठीवर ओंकार! शर्ट घामाने भिजलेला, तोंड लाल, एक हात कठड्याला.

"बघा!" मी पोलिसावर ओरडले. "पोराला उचलून बाहेर काढतायत!"

पोलिसाने शिट्टी काढली आणि वाजवली. खरंच वाजवली. साहेब दचकले आणि मधल्या पायरीवर तसेच थांबले, ओंकारसकट. त्यांच्या मागून काकू, आपा आणि बाकीचे पालक, सगळ्यांच्या हातात चहाचे कप.

"ताई, ओरडू नको ना," ओंकार साहेबांच्या खांद्यावरून म्हणाला. "साहेब पायऱ्या मोजतायत. तेरा झाल्यात."

चौदाव्या पायरीवर साहेबांनी दम खाल्ला. सतराव्या पायरीवर पुन्हा. बावीस पुऱ्या झाल्यावर त्यांनी ओंकारला लग्नाच्या एका खुर्चीत बसवलं, स्वतः शेवटच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि शिपायाला विचारलं की खालच्या खुर्च्या वर चढवायला किती माणसं लागतील.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ओढणी सावरली.

"तू गेलीस आन् शांत झालं बघ," त्या म्हणाल्या. "साहेबानं इचारलं, अम्मा काय पायजे? म्या म्हटलं, मला घरला जायचंय, ह्याला तेवढं खाली घेता का?"

एवढंच! माझ्या सहा पानांत हे वाक्य कुठेच नव्हतं. दार का लावलं होतं? एसी चालू होता. आणि फोन? फोन ज्याच्या त्याच्या हातात होते, मीच बजावल्याप्रमाणे सायलेंटवर. माझे सगळे मेसेज सगळ्यांनी वाचले होते. मग उत्तर का नाही दिलं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. फरहाना आपांनी फोन माझ्यासमोर धरला. ग्रुपच्या तळाशी लिहिलं होतं, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. लोक सकाळी फुलांचे फोटो टाकतात म्हणून ती सेटिंग मीच करून ठेवली होती. 'पालकांचा आवाज'! सात जणांच्या ग्रुपात बोलायची मुभा एकटीला, आणि त्या एकटीला मूलबाळ नाही.

पोलिसाने विचारलं, मॅडम, कोंडलेले कोण होते? मी त्याला चहा दिला आणि सिग्नलवर परत पाठवलं.

सेंटर तळमजल्यावर होणार, वेळ दुपारी तीननंतरची, आणि दर महिन्याला साहेब पालकांना घेऊन बसणार, असं ठरलं. साहेबांवरचा माझा राग गेला म्हणता? मुळीच नाही. नकाशा काढायच्या आधी बावीस पायऱ्या चढून बघायला कुणी अडवलं होतं त्यांना? पण आता त्या रागात एक वाटेकरी आहे, आणि ती रोज आरशात भेटते.

आठवड्याने मीटिंगचं इतिवृत्त सहीसाठी माझ्याकडे आलं. तेलुगूत आहे, तुम्हाला मराठीत सांगते: 'संस्थेच्या प्रतिनिधी अकरा वाजून वीस मिनिटांनी सभात्याग करून गेल्या. त्यानंतर पालकांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.'

भांडायला काहीतरी सापडेल म्हणून मी ते तीनदा वाचलं. नाही सापडलं. सही केली.