निगुऱ्याला गुरू

भागोजी पहाटे साडेचारला उठायचा. जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर आम्हाला सातला हजर राहावं लागे. त्याआधीचा वेळ त्याने गाण्यांना दिलेला. गणपतीत आमच्या वाडीचं जाखडी नाचाचं मंडळ दुसऱ्या गावच्या मंडळासमोर बारीला, म्हणजे गाण्यांच्या सामन्याला, उभं राहतं. तिची गाणी भागोजी लिहायचा. त्यासाठी दापोलीकडच्या एका म्हाताऱ्या शाहिराला त्याने गुरू केलं होतं. सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन चाली शिकला, पुराणं वाचली. एक ओळ बसली नाही तर आठवडा घालवी. मला ते पटायचं. चिरा तासतानाही तो तसाच, चारी कोपरे नेमके.

सदू त्याच खाणीवर ट्रक भरायचा. काम जेमतेम. जेवणाच्या सुट्टीत फणसाखाली आडवा व्हायचा आणि उठायचा तेव्हा गाणं तयार. कागद नाही, पेन नाही. पोरं ते मोबाइलवर घ्यायची, आणि हातखंब्याच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी तेच वाजत असायचं.

भागोजीला ते गिळवत नसे. घरी चिडून म्हणायचा, "मी डोळं फोडतोय आनि ह्याला घोरताना गानी सुचतात."

"मग तुमी पन झोपा की," त्याची बायको काशी म्हणाली. "निदान दिवा तरी बंद होईल."

एकदा तो खरंच फणसाखाली जाऊन पडला. मुंग्या चावल्या. गाणं आलं नाही.

यंदा श्रावणात भिकाजीअण्णांनी, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांनी, सांगितलं की गवळण सदूची घ्यायची. तालमीला भागोजी सगळ्यांत आधी येऊन बसला.

आमच्यात शाहीर शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतो. ज्याला गुरू नाही तो निगुरा, आणि निगुऱ्याचं गाणं बारीत चालत नाही. सदू गाऊन थांबला तसा भागोजी उठला.

"गानं बरं हाय. पन शेवटी नाव कुनाचं घेनार? निगुऱ्याचं गानं घेऊन उभं ऱ्हायलो तर समोरचे हसून हसून मरतील."

ढोलकी थांबली. अण्णा म्हणाले, "सदू, बोल. गुरू कोन तुजा?"

"भागोजीदादा."

पोरं हसली.

"हसताय काय? दादा, वैशाखात नव्या गड्याला तू काय बोललास? 'ओला हाय तवर तास. वारा लागला की चिरा तुज्या बापाचं ऐकायचा नाय.' आता माजी गवळण आठव."

मलाही ते बोलणं आठवलं. जांभा जमिनीतून काढला की मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की कठीण होतो. सदूच्या गवळणीत शेजारीण खोडकर कान्ह्याच्या आईला सांगत होती:

"ओला आहे तोवर तास गं यशोदे,
वारा लागला की चिरा ऐकायचा नाही."

"माजी निम्मी गानी तुज्या शिव्यांतली हायत दादा," सदू म्हणाला. "खानीत बोलतोस तसा तू कागदावर बोलत नायस."

भागोजीचा चेहरा उतरला. पुराणांत जे शोधत होता ते त्याने खाणीत रोज फुकट उधळलं होतं, आणि वेचलं दुसऱ्याने. सदूने चोरी केली असती तर भांडता आलं असतं. तो तर चारचौघांत मान देत होता. तेच भागोजीला सहन होईना.

"मग मिटलं," अण्णा म्हणाले. "गुरू शिष्याच्या आड येत नाय. यंदा समदी गानी सदूची."

नियमाकडे बोट भागोजीनेच दाखवलं होतं.

एक गोष्ट उरली. पहिल्या बारीआधी गुरूने शिष्याच्या खांद्यावर शेला घालायचा असतो.

"टावेल घाला," काशी म्हणाली. "त्याची लायकी तेवढीच, तुमीच म्हनता ना?"

"त्याची आसंल. मी गुरू हाय."

स्वतःच्या गाण्यांचं पुस्तक छापायचं म्हणून तो खाणीतल्या मजुरीतले पैसे बाजूला टाकत आला होता. ते घेऊन रत्नागिरीच्या बाजारात गेला. दुकानदाराने तीन शेले दाखवले. त्याने तिन्ही बाजूला सारले आणि वरच्या फळीवरचा काढायला लावला. रुंद जरीचा, दुकानातला सगळ्यात भारी. लांबून पाहणाऱ्यानेही विचारायला हवं, घातला कुणी.